ससा, मुयल आणि खरगोश

तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात एखाद्या साध्या वस्तूचे वा प्राण्याचे नाव विचारले, तर त्याचे उत्तर एका शब्दात कधीच मिळत नाही. हा राजवाडा उभारावयास प्रारंभ केला तो तेलुगू बोलणाऱ्या नायक राजांनी. पुढे १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले येथे स्थिरावले आणि १८५५ पर्यंत या दरबारात मराठी नांदली. आसपासच्या शेतांत व बाजारांत तमिळ होतीच. पाठशाळांतील पंडितांची संस्कृत होती आणि लष्करात व मुशाफिरांत हिंदी होती. येथील शाहजीराजांनी (कारकीर्द १६८४ ते १७१२) 'पंचभाषाविलास' नावाचे एक नाटकच रचले, ज्यात या पाचही भाषा रंगभूमीवर येतात. अशा ठिकाणी उभे राहून, वाचकहो, आपण एका अगदी लहान प्राण्याच्या नावांचा विचार करावयाचा आहे. हा प्राणी म्हणजे ससा.

यात विचार करण्याजोगे काय आहे, असे आपणास वाटेल. ससा कोणाला ठाऊक नाही? परंतु 'ससा', 'मुयल', 'खरगोश', 'शशक' हे शब्द एकाच अर्थाचे म्हणून आपण सहज अदलाबदल करीत असलो तरी प्रत्येकाने त्या प्राण्याचे निराळेच अंग पाहिले आहे. शिवाय ज्या प्राण्याला आपण हे नाव देतो तो प्रत्येक वेळी एकच असतो असेही नाही. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटी येऊ, कारण तिच्यावर एखाद्या मुक्या जिवाचे मरणजगणे आणि एखाद्या गृहस्थाचा कायदेशीर दोष अवलंबून असू शकतो.

प्रथम आपला घरचा शब्द घेऊ. मराठी 'ससा' हा संस्कृत 'शश' या शब्दावरून प्राकृत 'सस' या रूपातून आला, हे उघड आहे. 'शश' कोठून आला, याचे मात्र दोन जबाब आहेत. आपल्या वैयाकरणांनी धातुपाठातील 'शश' हा धातू पुढे केला. त्याचा अर्थ उड्या मारीत जाणे. म्हणजे जो उड्या मारीत पळतो तो शश. हे स्पष्टीकरण इतके चपखल आहे की दुसऱ्याची गरजच भासू नये. परंतु तौलनिक भाषाशास्त्राचे अभ्यासक म्हणतात की जर्मन भाषेतील 'हाझे', इंग्रजीतील 'हेअर' आणि आपला 'शश' ही एकाच मुळाची फळे असून त्या मुळाचा अर्थ 'करडा' असा आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या प्राण्याची उडी पाहून नव्हे, तर अंगाचा रंग पाहून नाव ठेवले. मला स्वतःला हा दुसरा जबाब अधिक पटतो; कारण भित्र्या प्राण्याचे नाव लोक पुष्कळदा थेट न घेता आडून घेतात, आणि 'तो करडा' ही आडून सांगण्याचीच तऱ्हा आहे. पांढऱ्याशुभ्र सशाची चित्रे पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र 'करडा' हा अर्थ ऐकून आश्चर्य वाटेल. ही चित्रांची गोष्टही आपण ध्यानात ठेवू या.

राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल हे जगद्विख्यात ग्रंथालय आहे. ताडपत्रांवर व कागदांवर लिहिलेली संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखिते तेथे हजारोंनी आहेत, आणि मोडी लिपीतील दरबारी कागदपत्रांचे रुमालही आहेत. येथील संस्कृत हस्तलिखितांची सूची १८८० साली प्रसिद्ध करणारे बर्नेल हे तंजावरात न्यायाधीश होते, आणि पुढे भारतीय इंग्रजीतील शब्दांचा जो 'हॉब्सन-जॉब्सन' कोश १८८६ मध्ये निघाला त्याचे ते सहकर्ते. शब्दांच्या कुळाचा शोध घेण्याची हौस या आवाराला नवी नाही.

आता अमरकोश उघडून पाहा. त्यात सिंहाला नावेच नावे आहेत, परंतु सशाला पर्याय नाही. इतर रानजनावरांच्या यादीत 'शश' एवढे एकच नाव येऊन जाते. इतर कोशकारांनी ही उणीव थोडी भरून काढली. त्यांनी सशाला 'मृदुलोमक' म्हटले, म्हणजे मऊ केसांचा; 'लोमकर्ण' म्हटले, म्हणजे ज्याच्या कानांवर लव आहे तो. गंमत अशी की जमिनीवर ज्याला एकच नाव, त्याला अमरसिंहाने आकाशात मानाने बसविले आहे. चंद्राच्या नावांत 'शशधर' आहे आणि शेजारीच 'मृगांक' आहे. चंद्रावरील डाग एकाला ससा वाटला, दुसऱ्याला हरीण. आपण मुलांना शशांक, शशिकांत, शशिकला अशी नावे ठेवतो तेव्हा त्या नावांत एक ससा दडलेला असतो, हे नाव ठेवणाऱ्या आत्यालाही बहुधा सुचत नाही.

'शश' शब्दाचा आणखी एक वंशज आपल्या भाषेत आहे आणि तो सशाचा वैरी आहे. संस्कृतात श्येन पक्ष्याला 'शशादन' म्हणतात, म्हणजे सशाला खाणारा. अमरकोशातही तो शब्द आहे. मराठीतील 'ससाणा' हा त्याच घराण्यातला मानला जातो. भक्ष्य आणि भक्षक यांची नावे एकाच मुळापासून निघावीत हे भाषेचे कौतुकच म्हणावयाचे. आणि न्यायशास्त्रातील 'शशशृंग', म्हणजे सशाचे शिंग, तर आपणास ठाऊकच आहे: जे मुळी अस्तित्वातच नाही त्याचे उदाहरण. वंध्यापुत्र आणि आकाशपुष्प यांच्या पंगतीत या गरीब प्राण्याला शास्त्रकारांनी नेऊन बसविले, ते केवळ त्याचे लांब कान दुरून शिंगांसारखे दिसतात म्हणून की काय, कोण जाणे. व्यवहारातील मराठीत मात्र ससा आला की बहुधा भित्रेपणा येतो. 'सशाचे काळीज' असे आपण म्हणतो ते कोणाच्या स्तुतीसाठी नव्हे.

राजवाड्याच्या दारातून बाहेर पडून रस्त्यावर आलो की हाच प्राणी 'मुयल' होतो. बोलण्यात त्याचे 'मोसल' असेही होते. मल्याळममध्येही 'मुयल'च आहे आणि कन्नडमधील 'मोल' हे त्याचेच भावंड. येथे मराठी माणसाला एक मौजेचा धक्का बसतो. तमिळमध्ये 'मुयल' हे क्रियापदही आहे, आणि त्याचा अर्थ प्रयत्न करणे. 'मुयर्ची' म्हणजे प्रयत्न, उद्योग. शाळेतील मुलांना गुरुजी जो उपदेश करतात त्यात हा शब्द हटकून असतो. प्राण्याचे नाव आणि हे क्रियापद यांचा उच्चार तेवढा सारखा आहे. एकावरून दुसरे झाले असे समजण्याचे कारण नाही. तरीही ज्या शब्दाच्या एका कानाला ससा आणि दुसऱ्याला उद्योग ऐकू येतो, तो शब्द उच्चारताना 'सशाचे काळीज' तितक्या सहजी आठवत नसेल. तमिळ लोकांनी सशाला भित्रा मानले नाही असे नव्हे. तिरुक्कुरळच्या ७७२ व्या कुरळात रानातला ससा ही क्षुल्लक शिकार आणि हत्ती ही मोठी शिकार, अशी तुलना आलेली आहे. पण तमिळ म्हणीतला ससा वेगळाच आहे. आपण धरलेल्या सशाला तीनच पाय आहेत असे जो शेवटपर्यंत म्हणत राहतो, त्या हेकेखोर माणसाबद्दल ती म्हण आहे, आणि तीच म्हण तेलुगूतही आहे. चौथा पाय समोर दिसत असला तरी तो मान्य करावयाचा नाही, ही वृत्ती कोणत्याही एका प्रांताची मक्तेदारी नाही. पण तिच्यासाठी सशाचा पाय मोजण्याची कल्पना दक्षिणेची.

राजवाड्यातील कलादालनात चोळकालीन ब्राँझमूर्तींचा अमोल संग्रह आहे. तेथे नटराजाच्या मूर्तीसमोर क्षणभर थांबा आणि त्याच्या उजव्या पायाखाली पालथ्या पडलेल्या ठेंगण्या पुरुषाकडे पाहा. संस्कृतात तो अपस्मार. तमिळमध्ये त्याचे नाव मुयलकन. त्याच्या नावात 'मुयल' ही अक्षरे आहेत, पण तो ससा नव्हे. तो अज्ञानाचे, विस्मृतीचे प्रतीक मानला जातो. जुन्या तमिळमध्ये मुयलकन हे फेफऱ्याच्या विकाराचेही नाव आहे, जसे 'अपस्मार' हे संस्कृतात आहे. अक्षरे ऐकून अर्थ ठरवू गेले की कसे फसावयास होते, याचा हा नमुना पाहून ठेवावा.

नायकांच्या तेलुगूत सशाला 'कुंदेलू' म्हणतात. आणि दुसरा एक शब्द आहे, 'चेवुलपिल्ली'. त्याचा शब्दशः अर्थ कानांचे मांजर. कान पाहून नाव ठेवण्याची ही तऱ्हा फार दूरवर पसरलेली आहे. हिंदीतील 'खरगोश' हा शब्द फारसीतून आला. 'खर' म्हणजे गाढव आणि 'गोश' म्हणजे कान. ज्याचे कान गाढवासारखे तो खरगोश. हा शब्द परका म्हणावा, तर त्याचे दोन्ही तुकडे आपल्या नात्यातले निघतात. संस्कृतातही गाढवाला 'खर' म्हणतात, आणि 'गोश' हा शब्द आपल्या 'घोष' शब्दाचा दूरचा बंधू आहे. इराणात तो ऐकणाऱ्या इंद्रियाचे नाव झाला, आपल्याकडे ऐकू येणाऱ्या ध्वनीचे. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी तेथील लांब कानांच्या एका सशाला 'जॅकअ‍ॅस रॅबिट', म्हणजे गाढव-ससा, असे नाव दिले व त्याचेच पुढे 'जॅकरॅबिट' झाले. इराणी आणि अमेरिकन यांना एकमेकांची खबर नसता एकच उपमा सुचली.

मराठीने दप्तर, अर्ज, जमीन, शिपाई असे शेकडो फारसी शब्द घेतले. इतके की शिवछत्रपतींना 'राज्यव्यवहारकोश' करवून घ्यावा लागला. तो ज्यांच्या नावावर आहे ते रघुनाथपंत हणमंते हे आधी याच व्यंकोजीराजांच्या कारभारात होते, हेही येथे सांगण्यासारखे आहे. एवढे फारसी शब्द आले, तरी 'खरगोश' मराठीच्या दारातून आत आला नाही. कचेरीच्या शब्दांनी मराठी कचेरी व्यापली. रानातले, चुलीजवळचे आणि पाळण्यावरचे शब्द शाबूत राहिले. कोकणीत 'सोंसो' आहे, गुजरातीत 'ससलुं' आहे. पश्चिम किनाऱ्याने 'शश' सोडला नाही.

येथवर आपण नावे पाहिली. आता नावाचा धनी पाहू. कारण खरा घोटाळा येथे आहे.

युरोपातील भाषा दोन प्राण्यांना दोन नावे देतात. इंग्रजीत एक 'हेअर' आणि दुसरा 'रॅबिट'. जर्मन भाषेत एक 'हाझे' आणि दुसरा 'कानिन्शेन'. लॅटिनमध्ये एक 'लेपुस' आणि दुसरा 'कुनिकुलुस'. मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी या चारही भाषांत दोघांना मिळून एकच शब्द चालतो, आणि त्याचे कारण आपल्या भाषांचे दारिद्र्य नव्हे. दुसरा प्राणी, म्हणजे पाळीव रॅबिट, मुळात आपल्या देशातला नाहीच. तो स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतला. जो प्राणी रानात नव्हता त्याला वेगळे नाव कोण आणि कशासाठी ठेवणार?

आपल्या दक्षिणेतल्या रानातील ससा म्हणजे मानेच्या मागे काळा ठिपका असलेला तपकिरी-करडा प्राणी. प्राणिशास्त्रात त्याचे 'लेपुस निग्रिकोलिस' हे नाव १८२३ सालचे असून त्याचा अर्थ काळ्या मानेचा ससा असाच आहे. हा बीळ खणीत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगाच्या मापाची एक खोलगट जागा करून तो दिवसभर तेथे निपचित पडून राहतो आणि अगदी पायाखाली येईपर्यंत हलत नाही. त्याची मादी चाळीसहून अधिक दिवस पोटात गर्भ वाढविते. पिल्ले जन्मतात ती अंगभर केसांची, उघड्या डोळ्यांची, लवकरच धावू शकणारी. रॅबिट याच्या उलट. तो जमिनीखाली बिळांचे जाळे करून कळपाने राहतो. त्याची पिल्ले सुमारे तीस दिवसांत जन्मतात ती आंधळी, केसविरहित, असहाय. लॅटिन भाषेत 'कुनिकुलुस' या एकाच शब्दाचा अर्थ रॅबिट असाही होता आणि भुयार असाही, त्याचे कारण हेच. दोघांच्या पेशींतील गुणसूत्रेही वेगळी आहेत: सशाची ४८, रॅबिटची ४४. त्यांचा संकर होत नाही. दोन्ही शेजारी ठेवली तर उंच पाय, लांब कान आणि काटक अंग यांवरून रानातला ससा ओळखू येतो.

दोन शब्द असले म्हणजे घोटाळा मिटतो, असे मात्र समजू नये. वर सांगितलेला 'जॅकरॅबिट' नावाने रॅबिट असला तरी जातीने हेअर आहे. आणि 'बेल्जियन हेअर' म्हणून प्रदर्शनांत मिरविणारा प्राणी अस्सल रॅबिट आहे. याहून मनोरंजक हकीकत तंजावरच्या शेजारची आहे. तरंगमबाडीस अठराव्या शतकाच्या आरंभापासून जर्मन मिशनरी होते. त्यांच्यापैकीच श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली पुढे सरफोजीराजांचे शिक्षण झाले. या मिशनऱ्यांनी तमिळमध्ये बायबल आणावयास प्रारंभ केला. त्यात एका ठिकाणी 'शाफान' नावाचा प्राणी येतो. तो खरे म्हणजे पश्चिम आशियातील खडकांत राहणारा, ज्याला शास्त्रज्ञ हायरॅक्स म्हणतात तो, आणि सशाशी त्याचे काही नाते नाही. पण ल्यूथरने आपल्या जर्मन भाषांतरात तेथे 'कानिन्शेन', म्हणजे रॅबिट, हा शब्द घातला होता. तमिळमध्ये रॅबिटला शब्दच नव्हता. प्रचलित तमिळ भाषांतरात त्या जागी 'कुळिमुसल' हा शब्द दिसतो: 'कुळि' म्हणजे खड्डा, बीळ, बिळातला ससा. म्हणजे हिब्रूतील खडकावरचा प्राणी भाषांतराच्या वाटेने कावेरीच्या काठी पोहोचेपर्यंत बिळात जाऊन बसला! मराठी भाषांतरकारांनी ही जबाबदारी न घेता मूळ 'शाफान' हाच शब्द तसाच ठेवला. तमिळ लेखनात पुढे खऱ्या रॅबिटला 'कुळिमुयल' म्हणण्यास हाच शब्द उपयोगी पडला, आणि आज तमिळमध्ये हा भेद करावयाचा झाला तर करता येतो. चुकीच्या प्राण्यासाठी घडलेला शब्द योग्य प्राण्याला लाभला.

सरफोजीराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे देवनागरी छापखाना घातला आणि त्यात इसापच्या कथांचे मराठी भाषांतर 'बालबोधमुक्तावली' या नावाने छापविले. आपल्या पुण्यामुंबईकडे मराठी पुस्तके छापून निघण्याच्या आधीची ही गोष्ट. इसाप ग्रीक, त्याच्या कथांतला, कासवाशी शर्यत लावणारा ससा हा रानातला उघड्यावरचा हेअर आहे. कथेलाही तोच शोभतो, कारण वेग हा त्याचा गुण. रॅबिट धोका दिसताच बिळात शिरेल, शर्यत कशाला लावील? पण पुढे चित्रमय पुस्तकांचे युग आले, आणि चित्रकारांनी आपल्या मुलांपुढे जो ससा काढला तो पांढरा, तांबड्या डोळ्यांचा, म्हणजे पाळीव रॅबिट. तपकिरी रानससा आपल्या माळावर होता, पण पुस्तकात नव्हता. परिणाम असा झाला की आज शहरातील मुलाला 'ससा' म्हटले की युरोपातला प्राणी डोळ्यांपुढे येतो, आणि ज्याचे हे नाव मुळात होते तो विस्मृतीत जातो.

यात बिघडले कोठे, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. पाळीव रॅबिट बाळगण्यास, वाढविण्यास आपल्याकडे मोकळीक आहे. कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथील शासकीय संशोधन केंद्रात त्यांच्या जातींवर कामही चालते. ते थंड हवेच्या डोंगरावर आहे याचे नवल नाही, कारण या प्राण्याला उष्मा सोसत नाही. रानससा मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याची शिकार करणे, त्याला धरून पिंजऱ्यात ठेवणे, त्याचे मांस विकणे हा गुन्हा आहे. आणि दोघांचेही नाव 'ससा'. शेतात सापडलेले पिल्लू घरी आणून पाळणाऱ्या भल्या माणसास आपण गुन्हा करीत आहो याची कल्पनाही नसते. कारण शेजारच्या घरी पिंजऱ्यात 'ससे' आहेतच की! उलट दिशेनेही धोका आहे. पाळीव रॅबिट कंटाळा आला म्हणून रानात सोडून देणे ही दया नव्हे. १८५९ साली ऑस्ट्रेलियात एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी सुमारे २४ रॅबिट मागवून सोडले. त्यांची प्रजा पुढे त्या खंडाची पिके खाऊन राहिली. आपल्या उन्हात आणि कुत्र्यांच्या तावडीत असे सोडलेले जनावर बहुधा दोन दिवसही टिकत नाही.

तेव्हा मराठीत आपण एवढे करावे: रानातल्याला 'रानससा' आणि घरातल्याला 'पाळीव ससा' म्हणावे. नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही. पाळीव आणि रानटी असा भेद आपण डुक्कर, मांजर, कोंबडी यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. मुलांना चित्र दाखविताना पांढऱ्या सशाशेजारी तपकिरीही दाखवावा.

आणि शेतात, बांधावर, गवत कापताना केसाळ, डोळे उघडे असलेले, एकटेच निपचित पडलेले पिल्लू दिसले, तर ते पोरके झाले असे समजून उचलू नये. उघडे डोळे आणि अंगावरचे केस हीच ते रानसशाचे असल्याची खूण. आई मुद्दामच त्याच्यापासून दूर राहते, म्हणजे तिच्या वासाने कोल्ह्याला माग लागू नये. विळा थांबवावा, कुत्र्याला हाक मारून परत बोलवावे आणि तेवढी जागा सोडून पुढे जावे. अंधार पडल्यावर ती त्याला पाजण्यासाठी येते.